झीतीचा मांडव

आमच्या वरच्या मजल्यावरचे कुडतरकर तुम्हाला जेवायला बोलावतील, समोर वाफाळती प्लेट ठेवतील, आणि तुम्ही काटा उचललात की तुमचं मनगट धरतील. "आधी ओळख, मग घास." ओळख प्लेटमधल्या पास्त्याची. त्याचं नाव काय, नावाचा अर्थ काय, ते कुणी ठेवलं आणि का ठेवलं, हे सगळं सांगून झालं की ते स्वतःच "खलास!" म्हणतात आणि मनगट सोडतात. तोवर पास्ता गार झालेला असतो. गार पास्ता खाणं इटलीत पाप समजतात, हेही ते वर सांगतात.

मी ओमानमध्ये, मस्कतजवळच्या अल हैलला बावीस वर्षं राहतो आहे. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका कंपनीत पंप सांभाळतो. कुडतरकर अकरा वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगमध्ये आले. गच्चीला लागून एक खोली आहे, ती त्यांनी घेतली. मस्कतमधल्या एका हॉटेलच्या इटालियन किचनमध्ये ते पास्त्याच्या सेक्शनला आहेत. मूळ गाव वेंगुर्ल्याच्या बाजूला. उंची बेताची, मिशी भरघोस, आणि चालताना दोन्ही हात असे पुढे धरलेले की वाटावं, गरम टोप अजून हातातच आहे. दुपारी तीन ते सहा त्यांना सुट्टी असते. तेवढ्यात घरी येतात, आंघोळ करतात, शर्टाला इस्त्री करतात आणि परत जातात. पहिले सहा महिने मला त्यांच्याविषयी एवढंच माहीत होतं आणि मी सुखी होतो.

मग आमच्याकडे सत्यनारायण झाला.

आमच्याकडे पूजा सांगायला येणारे जोशीबुवा आठवड्याचे पाच दिवस एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर असतात आणि शुक्रवार-शनिवार सोवळं नेसतात. वंदनाने, म्हणजे माझ्या बायकोने, शेजारधर्म म्हणून कुडतरकरांनाही बोलावलं. रिकाम्या हाताने येतील तर ते कुडतरकर कसले! कांदा-लसूण न घातलेला, टोमॅटो आणि तुळशीच्या पानांचा पास्ता भलंमोठं भांडं भरून घेऊन आले. जोशीबुवा सकाळपासूनचे उपाशी. त्यांनी पहिला घास तोंडाजवळ नेला आणि मनगट धरलं गेलं.

"आधी ओळख, मग घास. ह्याचं नाव स्त्रोत्साप्रेती. स्त्रोत्सा म्हणजे गळा आवळणारा. प्रेती म्हणजे भटजी."

कुडतरकरांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. शाळेत मास्तर भूगोल शिकवतात त्या चेहऱ्याने ते पुढे म्हणाले, "तिकडचे धर्मगुरू फार खादाड होते म्हणे. लोकांच्या घरी जायचे आणि होतं नव्हतं ते संपवून यायचे. बायका कणीक वळताना मनातल्या मनात म्हणायच्या, लागू दे मेल्याला ठसका. आमचा म्हातारा शेफ सांगायचा. खलास! घ्या बुवा, सावकाश घ्या."

जोशीबुवांनी त्या दिवशी तीनदा वाढून घेतलं. वंदना पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या शेजारी उभी होती आणि आम्ही सगळे घासागणिक त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. जाताना बुवा मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाटणकर, हा माणूस कोण? फार धोकादायक आहे. पुढच्या पूजेलाही बोलवा."

आमच्या बिल्डिंगखाली श्रीवर्धनकडच्या हमीदभाईंचं किराण्याचं दुकान आहे. त्यांच्याकडून ईदला दरवर्षी सगळ्या बिल्डिंगला शिरखुर्मा येतो. एका ईदला आम्ही सगळे दुकानामागच्या खोलीत वाट्या घेऊन बसलो असताना कुडतरकरांनी वाटीतली एक शेवई चमच्यावर उचलली, उजेडात धरली आणि म्हणाले, "इटालियनमध्ये हिला व्हर्मिचेल्ली म्हणतात. म्हणजे बारीक किडे." आठ जणांचे चमचे थांबले. हमीदभाई डोक्यावरची टोपी काढून म्हणाले, "अरे माझ्या बापा, सणाच्या दिवशी तरी गप बस ना रे!" कुडतरकरांना मनापासून आश्चर्य वाटलं. नाव ठेवणाऱ्याने नाव ठेवलं, आपण नुसती ओळख करून दिली, ह्यात आपलं काय चुकलं, हे त्यांना आजतागायत समजलेलं नाही.

आता खरं सांगायचं तर मीही त्यांना चुकवायला लागलो होतो. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला की लिफ्ट पकडायचो. ऑफिसातून थकून आलेल्या माणसाला लिंग्विने म्हणजे छोट्या जिभा, ही माहिती जड जाते. पण माझी मुलगी मुग्धा त्यांची भक्त झाली. तेव्हा ती नववीत होती. इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकणाऱ्या मुलांचं मराठी तुम्हाला ठाऊक असेल. "बाबा, मी थकली आहे बिकॉज आज पीटी होता," असं ते मराठी. घरी आम्ही ओरडायचो, ती आणखी इंग्रजीत जायची.

कुडतरकर ओरडले नाहीत. दर शुक्रवारी दुपारी ते एक वाटी पास्ता घेऊन यायचे आणि तिला मराठी नाव विचारायचे. फारफाल्ले म्हणजे काय? बटरफ्लाय. मराठीत? मुग्धा खांदे उडवायची. मग वाटी मागे जायची. "फुलपाखरू म्हण, मग घास." फुसिल्लीसाठी त्यांनी तिला चाती शिकवली, सूत कातायची चाती, जी त्या पोरीने जन्मात पाहिली नव्हती आणि तिच्या बापानेही धड पाहिली नव्हती. दितालिनी म्हणजे शिंप्याच्या बोटातली टोपणं. कोंकिल्ये म्हणजे शिंपले. पेन्ने म्हणजे पिसाचे बोरू. दोन वर्षांत मुग्धाचं मराठी मोठं विचित्र झालं. तिला 'अडगळ' हा शब्द येत नव्हता, पण 'बोरू' येत होता. आजीला फोनवर एकदा म्हणाली, "आज्जी, तू चातीसारखी गोल गोल का बोलते?" आजी दोन दिवस ते सगळ्यांना सांगत होती.

हसू नका. माझी मुलगी आज माझ्याशी मराठीत भांडते. हे काम मी केलेलं नाही, तिच्या शाळेनेही केलेलं नाही. ते त्या शुक्रवारच्या वाटीने केलं, आणि त्याबद्दल मी कुडतरकरांचे आभार मानायला गेलो तर ते म्हणाले, "राव, पास्ता संपला का ते सांगा. उरला असेल तर रात्री गरम करू नका."

हे नावांचं वेड त्यांना लागलं कसं, ते एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना त्यांनी मला सांगितलं. ओमानला आले तेव्हा ते किचनमध्ये भांडी घासायला होते. शेफ दक्षिण इटलीतला, नेपल्सच्या बाजूचा म्हातारा. एकदा त्याने एक पिशवी हातात दिली आणि खुणेने सांगितलं, स्टाफच्या जेवणाला ह्याचं काहीतरी कर. कुडतरकरांनी पिशवी उघडली. आत बघतात तर गव्हले! आपल्याकडे लग्नाआधी घरच्या बायका जमून रव्याच्या पिठाचे गव्हाच्या दाण्याएवढे वळतात ना, हुबेहूब तेच. त्यांना वाटलं, शेफच्या घरात कुणाचं तरी लग्न आहे. त्यांनी चार लिटर दूध आटवलं, साखर घातली, वेलची घातली, आणि त्या पास्त्याची खीर करून शेफच्या पुढे ठेवली.

"मला वाटलं, आता म्हातारा मला विमानात बसवतो," कुडतरकर म्हणाले. "म्हाताऱ्याने चमचा घेतला. खाल्ली. परत खाल्ली. मग वाटीवर बोट ठेवून विचारतो, नोमे? म्हणजे नाव काय. मी म्हटलं, गव्हले. तो म्हणतो, म्हणजे काय? आता त्याला काय सांगणार? मी गव्हाचं पोतं दाखवलं. एक दाणा काढून त्याच्या हातावर ठेवला. तर तो हसायलाच लागला. म्हणाला, ओर्झो. ओर्झो म्हणजे जव. तुम्ही गव्हाचं नाव ठेवलं, आम्ही जवाचं."

त्या दिवसापासून म्हाताऱ्याने रोज एक नाव शिकवायचा नेम धरला. भांड्यांच्या मोरीवरून भाज्यांकडे आणि भाज्यांवरून पास्त्याकडे कुडतरकर नावांच्या जोरावर गेले. तोवर परमुलखात कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं. "यल्ला, हे कर, यल्ला, ते कर," एवढंच; यल्ला म्हणजे चल, आटप. म्हाताऱ्याने पहिल्यांदा विचारलं की तुमच्यात ह्याला काय म्हणतात. "माणसाने विचारलं पाहिजे हो," कुडतरकर चिमटा लावत म्हणाले. त्यानंतर मी लिफ्टने पळणं बंद केलं.

त्यांची बायको आणि मुलगी सायली गावाला असत. सायलीचं लग्न विमानं बंद होती त्या वर्षी झालं. तारीख धरली होती, ह्यांचं तिकीट काढून झालं होतं, आणि सगळंच ठप्प झालं. मुलाकडचे थांबायला तयार नव्हते. पंचवीस माणसांत अंगणात लग्न लागलं आणि बापाने ते मोबाइलवर बघितलं. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाले, "रेंज चांगली होती. मंगलाष्टकं स्पष्ट ऐकू आली." दोन वर्षांनी सुट्टीवर जाऊन ते जावयाला भेटून आले.

ह्या वर्षी मुग्धाचं लग्न ठरलं. मुलगा निखिल इथलाच, अल खौदला वाढलेला. लग्न गावी करायचं की इथे, ह्यावर घरात महिनाभर वाद झाला. शेवटी मुग्धा म्हणाली, "बाबा, गावाला मी गेस्ट आहे. माझे सगळे लोक इथे आहेत." देवळाचा हॉल घेतला, जोशीबुवांनी शुक्रवारचा मुहूर्त काढला, जेवणाचं ठरलं. वंदनाने एकच अट घातली. रुखवत गावचं पाहिजे.

वंदनाची थोरली बहीण नलूताई चिपळूणला असते. तिच्या हातात कला आहे. तीन महिने ती रुखवत करत होती. सुपारीचे भटजी, खोबऱ्याचं तुळशीवृंदावन, साखरेची सप्तपदी, आणि तिने स्वतः वळलेले गव्हले. रोज फोटो यायचे, वंदना रोज ते मला दाखवायची, आणि मी पंपाच्या रिपोर्टमधून मान वर न काढता "छान" म्हणायचो. नलूताई ते सगळं घेऊन लग्नाच्या चार दिवस आधी येणार होती.

लग्नाला आठ दिवस असताना नलूताई बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ती सुखरूप आहे, पण येणं रद्द. एवढं नाजूक सामान दुसऱ्या कुणाबरोबर पाठवणं शक्य नव्हतं. वंदना दोन दिवस बहिणीसाठी रडली. तिसऱ्या दिवशी रुखवतासाठी रडली, आणि ते रडणं जास्त कठीण होतं, कारण त्याची तिला स्वतःलाच लाज वाटत होती.

मी नवऱ्याने करू नये तेच केलं. उपाय सुचवला. म्हटलं, "बेकरीतून तीन मजली केक आणू. त्याच टेबलावर ठेवू."

"केक?" वंदना म्हणाली. "माझ्या मुलीला माहेरचं म्हणून काय दिलं, तर केक? इथे तिला ना आजोळ दिसलं, ना काकांचं घर. एक टेबल होतं, ज्याच्यावर माझ्या माणसांच्या हातचं काहीतरी असणार होतं. ते रिकामं ठेवून तिला बोहल्यावर उभी करू?"

दार उघडं होतं. जिन्यात कुडतरकर उभे होते, दुपारच्या सुट्टीवर आलेले. त्यांनी सगळं ऐकलं असावं. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग वंदनाकडे, आणि म्हणाले, "वहिनी, जरा वर येता? तुम्हीपण या, पाटणकर. यल्ला."

अकरा वर्षांत ते आमच्याकडे हजार वेळा आले असतील. त्यांच्या खोलीत मात्र त्यांनी आम्हाला कधी नेलं नव्हतं. गच्चीवर भेटत, दारात बोलत, आत या म्हणत नसत. मी समजत होतो, एकट्या पुरुषाची खोली, पसारा असेल.

खोली आरशासारखी स्वच्छ होती. एक खाट, एक कपाट, खिडकीत दोन तुळशी. आणि भिंतीला लागून एका टेबलावर काहीतरी उंच, पांढऱ्या टेबलक्लॉथखाली झाकलेलं. कुडतरकरांनी कापडाची दोन टोकं धरली आणि अलगद वर उचललं.

आत मांडव होता. पास्त्याचा.

दीड हात लांबीच्या फळीवर लग्नाचा अख्खा मांडव उभा होता. छताला लाझान्याच्या पट्ट्या, कडेला फुलपाखरांच्या माळा, दारात शिंपल्यांची रांगोळी. बारीक ताऱ्यांचं अंगण, बोरूंचं कुंपण. बोहल्यावर दोन पाट, मध्ये अंतरपाट धरलेला. कोपऱ्यात चूल, चुलीवर टोप, टोपात ओर्झोचे दाणे. सगळ्यावर वॉर्निशचे हात दिलेले, त्यामुळे ते जुन्या पितळेसारखं चमकत होतं. आणि मांडवाचे सोळा खांब, सरळ, पोकळ, वीतभर उंच.

वंदना तोंडावर हात ठेवून उभी होती. मग तिने एका खांबाला हात न लावता बोट दाखवलं.

"झीती," कुडतरकर म्हणाले. आवाज नेहमीचा मास्तरांचा होता. "त्यांच्या दक्षिणेत झीता म्हणजे नवरी. हा नवरीच्या घरचा पास्ता, वहिनी. लग्नाच्या जेवणाला हाच लागतो. बाजारात लांबच्या लांब नळ्या मिळतात, पण अख्ख्या शिजवत नाहीत. आदल्या दिवशी घरातल्या बायका गोल बसतात आणि गप्पा मारत हाताने मोडतात. कडाकडा आवाज येतो. म्हातारा सांगायचा, गल्लीत तो आवाज आला की कळायचं, ह्या घरात लग्न आहे." त्यांनी एका खांबाजवळ बोट नेलं. "मी मोडल्या नाहीत. मोडायला बसणार कोण बरोबर? म्हटलं, खांब करू."

तेव्हा मी मांडवाच्या डाव्या कोपऱ्यातली अक्षरं वाचली. मुलांच्या सूपमध्ये घालतात त्या अक्षरांच्या पास्त्याने इंग्रजीत दोन नावं चिकटवली होती. सायली आणि ओंकार.

"सात महिने लागले," कुडतरकर म्हणाले. "रोज दुपारी दोन तास. तिला सरप्राइज होतं. विमानात हातात धरून न्यायचं ठरलं होतं, तसं एअरलाइनला विचारूनही ठेवलं होतं. मग राहिलंच."

"नंतर का नाही नेलंत, भाऊ?" वंदनाने विचारलं.

"लग्न झाल्यावर रुखवत नेतात का, वहिनी? बाप दोन वर्षांनी उगवला, तोही मांडव घेऊन! सासरची माणसं हसतील, आणि पोरगी रडेल." त्यांनी फडक्याने छतावरची नसलेली धूळ पुसली. "घेऊन जा हा. नवरीसाठीच केलाय. नुसती नावं बदलतो, अक्षरांची बरणी आहे माझ्याकडे."

वंदना नाही म्हणाली. मीही नाही म्हणालो. दुसऱ्याच्या मुलीसाठी केलेलं कसं घेणार? ह्यावर कुडतरकर पहिल्यांदा चिडले. "पाकिटावर तारीख असते, पाटणकर. ह्याची कधीच संपली. आणखी किती वर्षं झाकून ठेवू?"

गुरुवारी आम्ही तो मांडव हॉलवर नेला. मी गाडी चालवत होतो, कुडतरकर मागे मांडव मांडीवर घेऊन. समुद्राकडची दमट हवा लागू नये म्हणून काचा बंद, एसी फुल, आणि वेग तीस. हायवेवर मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीने हॉर्न दिला. प्रत्येक स्पीड ब्रेकरच्या आधी मागून आवाज यायचा, "शूय शूय, पाटणकर, शूय शूय," म्हणजे इथल्या अरबीत हळूहळू. वीस मिनिटांचा रस्ता सव्वा तासाने संपला. एकही खांब हलला नाही.

लग्नात सगळी गर्दी त्या टेबलाभोवती होती. निखिलच्या पुण्याच्या आत्याबाईंनी आधी चष्म्यातून आणि मग चष्म्यावरून बघितलं आणि "बरं आहे हो," म्हणाल्या, म्हणजे त्यांना फारच आवडलं होतं. हमीदभाई सहकुटुंब आले होते. कुडतरकर कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात टेबलाशी उभे होते. नवरीच्या वेशातली मुग्धा फोटोसाठी आली आणि मैत्रिणींना एकेक दाखवत सुटली, "हे फुलपाखरू, हा बोरू, ही चाती." मल्याळी मुली, गुजराती मुली, तिच्या ऑफिसातली ओमानी मैत्रीण, सगळ्या तिच्यामागे "चाती, चाती" म्हणत होत्या. मग ती खाली वाकली आणि कुडतरकरांच्या पाया पडली. वंदनाने टेबलाकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि माझा हात घट्ट धरला. बावीस वर्षांत ह्या देशाने मला पगार दिला, घर दिलं, सगळं दिलं. पण मुलीच्या लग्नात टेबल भरलेलं असावं, हे मला ह्या माणसाने दिलं. त्याचं ऋण माझ्यावर आहे आणि ते मला आवडतं.

मुग्धा बोहल्याकडे गेली आणि टेबलाशी आम्ही दोघेच राहिलो. तेवढ्यात कुडतरकरांच्या खिशातला फोन वाजला. व्हिडिओ कॉल. सायली. त्यांनी नाव बघितलं आणि फोन परत खिशात घालायला निघाले.

मी काही वेळा बैलासारखा वागतो. आनंदाच्या भरात म्हणालो, "अहो, घ्या ना! दाखवा तिला!" आणि मीच हिरव्या बटणावर बोट ठेवलं. ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं.

"बाबा! लग्नात आहात ना? दाखवा ना मुग्धाताईचा हॉल," सायलीचा आवाज. तिच्या कडेवर वर्षभराचं मूल होतं. आता इलाज नव्हता. कुडतरकरांनी फोन फिरवला, आणि दुसरा हात पटकन मांडवाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवला. तिथे आता मुग्धाचं आणि निखिलचं नाव होतं. पण जुनी अक्षरं सोलून काढली तिथलं वॉर्निश गेलं होतं, आणि फिकट लाकडावर सायलीचं नाव अजून नीट वाचता येत होतं. मी ते सकाळीच पाहिलं होतं.

"अगो बाई! बाबा, हे तुम्ही केलंत?"

"मग? दुसरं कोण करणार?"

"कधी केलंत एवढं?"

"हेच आपलं, गेल्या आठवड्यात," कुडतरकर म्हणाले. "ह्यांची नलूताई पडली ना. वहिनी रडत होत्या. म्हटलं, करू काहीतरी."

सायली फोन डोळ्यांजवळ धरून बघत राहिली. मूल स्क्रीनला हात लावत होतं. "किती छान आहे हो," ती म्हणाली. मग हसली. "माझ्या लग्नाला आला असतात तर मलापण केलं असतंत ना, बाबा?"

"केलं असतं गो बाय," कुडतरकर म्हणाले. "ह्याच्यापेक्षा मोठं केलं असतं."

तिकडे मूल रडायला लागलं. सायलीने बाबांना जेवून घ्यायला सांगितलं आणि फोन बंद केला. हॉलच्या दुसऱ्या टोकाला जोशीबुवांनी अंतरपाट धरायला सांगितला आणि लोक अक्षता घेऊन पुढे सरकले. मलाही जायला हवं होतं, मुलीचा बाप होतो. पण कुडतरकर जागचे हलले नाहीत. त्यांचा तळहात अजून त्या कोपऱ्यावर तसाच होता.

"कुडतरकर," मी म्हणालो, "ती गेली. काढा आता हात. चला."

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "मी जरा थांबतो."